दोन डबड्यांचा हेवा

मित्रांनो, पाठीला भलंमोठं कुबड असलेला मी एक जुना मॉनिटर आहे. आजचे पापडासारखे चपटे पडदे पाहिलेल्या तुम्हाला माझं हसू येईल. हसा खुशाल. पण १९९९ साली टिकेशभाऊ मला मांडीवर घेऊन रिक्षाने गोंदियाच्या आपल्या दुकानात आले, तेव्हा मला हसायची कोणाची छाती नव्हती. मला हळदकुंकू लागलं, माझ्यापुढे नारळ फुटला. दारावर ‘इंटरनेट कॅफे’ अशी पाटी लागली. ती वाचूनही आत काय मिळतं ते कोणाला कळत नसे, म्हणून लोक यायचे आणि मलाच बघत बसायचे.

काय दिवस होते ते! दहावीचा निकाल माझ्यावर लागायचा. परगावी गेलेल्या पोराचा फोटो माझ्यावर उघडायचा आणि त्याची आई माझ्या काचेवरून हात फिरवायची. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. शेजारी दोन स्पीकर होते, काळी डबडी नुसती. सणावाराला एखादं गाणं वाजवायचं, एरवी धूळ खात पडायचं. मी त्यांना हिंग लावूनही विचारत नसे.

मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस रंजिता आली. राहायची जवळच, फुलचूरला. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. नागपूरला राहून ती टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकून आली होती. तिने टिकेशभाऊंना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “टिकेशभाऊ, हे बंद करा. कायले फुकटची बिजली जाळता?”

‘हे’ म्हणजे मी! खटकन बटण दाबलं गेलं. मी काळाठिक्कर पडलो आणि ती दोन डबडी बोलू लागली. आवाज चिरका, मराठी हिंदीच्या वळणाची, तरी रंजिता मान तिरकी करून अशी ऐकत होती की जणू कोणी गोडधोड वाढतंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून ती आली की मी बंद. फक्त थंडीत म्हणायची, “राहू द्या चालू, हात शेकतो.” मी मॉनिटर आहे की शेगडी?

रंजिताला नोकरी हवी होती. गिरणीवाल्यांच्या एका संघटनेच्या कचेरीत ऑपरेटरची जागा निघणार, अशी कुणकुण तिला लागली होती. जाहिरात त्यांच्या वेबसाइटवर येणार होती. टिकेशभाऊ म्हणाले, “मी पाहून सांगत जाईन.” पण ही कसली ऐकते! “माह्या नोकरीचं मीच वाचीन, भाऊ.” म्हणून रोज येऊन ती वेबसाइट ऐकायची.

ती वेबसाइट बनवणारा छोटेलाल रंजिता गेल्यावर आमच्याच दुकानात बसायचा, माझ्याच समोर. त्याला एकच काळजी. इथे लिहिलेली मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांचे चौकोन व्हायचे. त्यावर त्याने युक्ती काढली. मजकूर छान अक्षरांत लिहायचा, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्रच वेबसाइटवर चिकटवायचं. चित्रातली अक्षरं बिघडत नाहीत. एका संध्याकाळी त्याने संघटनेची जाहिरात अशी सजवली की मीच माझ्यावर खूश झालो. लाल किनार, धानाच्या लोंब्या, टपोरी अक्षरं! “क्या दिख रहा है!” छोटेलाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रंजिता आली. मला बंद केलं. डबडी म्हणाली, “ग्राफिक,” म्हणजे इथे चित्र आहे एवढंच, आणि पुढे गेली. जाहिरात त्यांच्या नाकासमोर होती आणि त्यांच्या तोंडातून तिचा एक शब्द फुटत नव्हता. बोला की आता! मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रंजिता “आज बी काही नाई” म्हणून उठली. पुढे रोज हेच.

ते २०१२ साल होतं. जाहिरात लागून काही आठवडे झाले असतील, तेव्हा एका रविवारी आमच्या दुकानात सभा भरली. नागपूरहून देवीदास सर आले. त्यांनाही दिसत नव्हतं. वेबसाइट सगळ्यांना वापरता येईल अशी कशी करायची, हे ते शिकवणार होते. लोक पायरीपर्यंत बसले. सरांचा पहिलाच शब्द, “सगळे पडदे बंद करा.” भरसभेत माझा अपमान!

रंजिताने गिरणीवाल्यांची वेबसाइट लावली. “ग्राफिक. ग्राफिक. लिंक. ग्राफिक.” लोक हसले. मला तर नाचावंसं वाटलं. छोटेलाल मात्र उठून उभा राहिला. “अरे, ऐसा कैसा? इसमें तो जाहिरात है!”

“कोणती जाहिरात?” रंजिताने विचारलं.

त्याने घाईने मला लावलं. सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्यावर, अगदी जुन्या दिवसांसारख्या. छोटेलाल वाचू लागला. टेलिफोन ऑपरेटर, एक जागा. अंध उमेदवारास प्राधान्य. मग त्याने सर्वांत खालची ओळ वाचली. अर्जाची शेवटची तारीख गेल्या बुधवारी होऊन गेली होती.

“मी तं रोज ऐकून राहिली होती ना, छोटेलालभैया,” रंजिता म्हणाली.

सगळ्यांची तोंडं रंजिताकडे वळली. एवढा लखलखत होतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

सोमवारी छोटेलाल कचेरीत हातापाया पडून आला. काही उपयोग झाला नाही, जागा भरली होती. मग तो माझ्यासमोर ठाण मांडून बसला आणि सरांनी शिकवलं तसं त्याने चित्रातलं सगळं लिखाण सगळ्या कॉम्प्युटरांना ओळखता येणाऱ्या खऱ्या अक्षरांत उतरवलं. ही अक्षरं कुठे बिघडत नाहीत आणि त्या डबड्यांना वाचताही येतात.

काम संपल्यावर रंजिता आली. मला बंद केलं. डबडी खणखणीत बोलली, “टेलिफोन ऑपरेटर. जागा भरली आहे.” तिने ते पुन्हा एकदा ऐकलं. टिकेशभाऊ गल्ला सोडून तिच्याजवळ आले.

“भरली तं भरली,” ती म्हणाली. “या खेपेले मीच वाचलं ना, भाऊ.”

आता मी दुकानाच्या माळ्यावर पोत्याखाली आहे. खाली चपटे पडदे आले, पण ती दोन डबडी अजून तिथेच आहेत, दिवसभर बोलतात. ऐकून अजूनही माझा जळफळाट होतो, खोटं कशाला सांगू? तरी मित्रांनो, एवढं करा. लिहिलेलं सजवून आम्हा पडद्यांवर खुशाल मिरवा, पण त्यातला शब्द न् शब्द त्या डबड्यांच्याही तोंडी द्या. मी जळेन, माझं मी बघेन. पण रंजितासमोर ती पुन्हा मुकी झाली, तर ते मला सोसायचं नाही.