मधाचं बोट

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर गोडबाबा, त्यांच्या हातात रक्तातली साखर तपासायचं मशीन आणि समोर खुर्चीत गावातल्या शिंप्याची थोरली, मधुमेही बहीण.

"चाट माई, मधाचं बोट! आत दडलेली चोरटी साखर कशी पळत बाहेर येते बघ!"

ताईनं मधात बोट बुडवून चाटलं. बाबांनी त्याच बोटाला टोचलं. ४८०! हॉलभर "अरे बापरे!" मग बाबांनी 'अमृतजलानं' तिचे हात खसाखसा धुतले, काहीतरी पुटपुटले, पुन्हा टोचलं. २९०!

"बघता बघता एवढी उतरली! उरलेली घाबरूनच पळेल. इंजेक्शनं फेका!"

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात शिंप्याच्या.

"अरे, डॉक्टरांना विचारू तरी," घरी ताई म्हणाली.

"डोळ्यांनी बघितलंस ना? मग?" असं म्हणत त्यानं इन्सुलिन स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं.

आठवडा उलटायच्या आत ताई उलट्या करकरून बेशुद्ध पडली.

"इन्सुलिन कुणी बंद केलं?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," शिंपी म्हणाला. तरी भक्ती सुटेना. "पण बाबांनी साखर उतरवली होती हो! मशीननंच दाखवलं."

"तपासण्याआधी काय करायला लावलं?"

"मधाचं बोट चाटायला."

बाईंनी कॅन्टीनमधून मध मागवला. शिंप्यानं बोट बुडवलं, चाटलं. बाईंनी टोचलं. ५१०!

"मेलो!" म्हणत शिंपी मागे कोसळला, तो सलाइनचा रिकामा स्टँड मिठीत घेऊनच.

"उठा, साबणानं हात धुऊन या."

पुन्हा टोचलं. ९६.

"झालात बरे! मंत्र पुटपुटू का?" बाई म्हणाल्या. "अहो, मध रक्तात नव्हता, बोटावर होता. रक्ताच्या थेंबात मिसळला, मशीननं तोही मोजला. धुतल्यावर आला तो खरा आकडा. ताईंची खरी साखर २९०च होती. औषध वाढवायची वेळ होती, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

संध्याकाळी ताईनं डोळे उघडले.

"ताई, इन्सुलिन मी फेकलं गं."

"आणि मी फेकू दिलं," ती क्षीण आवाजात म्हणाली. "रडतोस काय? इंजेक्शन द्यायला शीक."

मंडळी, साखर तपासण्याआधी हात साबणानं धुवा, नीट कोरडे करा. आकडा कळला नाही तर डॉक्टरांना विचारा, दहादा विचारा. आणि स्टेजवरून कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर टाळ्या वाजवू नका, उठून घरी या. ताई वाचली, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते.