पाइपामागचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. वय फार नाही हो, पण अंगाला भोकं पडली की कुणीही जुनंच दिसतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा निळा झक्क होतो. ताईच्या बाइंडिंगच्या खोलीला बाहेरून पत्रे मारायचे होते. आत कागदाचे गठ्ठे आणि भिंतीला ओल. कागद भिजला तर तिचा धंदाच बसणार.

"मिस्त्री कशाला? मी आहे ना," तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

"तू? तू बसवलेलं कपाटाचं दार अजून माझ्या पायावर पडतं."

"टोमणे नंतर मार, ताई. आधी पत्रा धर."

काम त्याने छान केलं, खोटं कशाला बोलू? भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, कडेवर कड चढवत पत्रे बसवले. प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती, म्हणजे भोकातून पाणी शिरत नाही. मी शेवटचा, कोपऱ्यातला. माझ्यापाशी येईतो चकत्या संपल्या. दुकान लांब. तो पुटपुटला, "जाऊ दे, इथं पुढून पाइप येणार. कोण बघतंय?" आणि नुसतेच स्क्रू पिळले. वर माझ्या पाठीवर थाप मारून ओरडला, "ताई, हा बघ माझा वाघ!"

मी फुगलो ना राव.

पाऊस लागला. मी जीव तोडून पाणी अडवलं, पण त्या भोकांतून ते झिरपतच राहिलं. एका सकाळी ताईने गठ्ठा उचलला, तर खालच्या कागदांचा लगदा. मला वाटलं, आता तो सांगेल.

"पत्राच भंगार निघाला, ताई."

आणि ताईने मान डोलावली! एकदा वाकून बघितलंसुद्धा नाही.

मला उतरवायला तिनेच पाइप सोडवला. एक स्क्रू हातात आला. मग दुसरा.

"चकत्या कुठायत रे?"

"संपल्या होत्या."

"मग तसं सांगायचंस. त्या पत्र्याला कशाला शिव्या घातल्यास?"

नवा पत्रा तिने स्वतः लावला. भावाला फक्त शिडी धरायला ठेवलं. माझी कड काढताना फाटली होती, म्हणून मी मागे, जळणाच्या लाकडांवर.

परवा तो लाकडं न्यायला आला. ओली निघाली. "गळका मेला," म्हणत त्याने मला पायानेच बाजूला सारलं.

मित्रांनो, आम्हाला तोंड नाही. निदान तुम्ही तरी, पत्रा गळताना दिसला तर आधी विचारा, भोकं कुणी पाडली?