नऊ खुर्च्या आणि अब्बा

डिसेंबरात अब्बांच्या ऑफिसातल्या सगळ्या सामानाला चिकट्या लागल्या. लाल म्हणजे झेक, निळी म्हणजे स्लोव्हाक. एक जानेवारीला चेकोस्लोवाकियाचे दोन देश होणार, म्हणून इथे आखातात, अदलियातल्या त्यांच्या छोट्या व्यापार-ऑफिसाचेपण दोन होणार. वाटणी दोनास एक. खुर्च्या नऊ, तर सहा लाल, तीन निळ्या. चमचेसुद्धा मोजले.

अब्बांच्या मदतीला येऊन चिकट्या मीच लावत होते. नववीत गणिताच्या सरांशी भांडून मी शाळा सोडली, पण एकाला तिनाने भाग जात नाही एवढं मला कळतं. आणि अब्बा एकच होते.

अकरा वर्षं तेच तिथले ड्रायव्हर, तेच चहावाले. त्यांचा व्हिसा ऑफिसच्या नावावर, माझा न् अम्मीचा त्यांच्या नावावर. जानेवारीअखेर तो संपणार. पुढे राहायचं तर दोन्हीतल्या एका नव्या ऑफिसचं स्पॉन्सर म्हणून पत्र पाहिजे, हा आमचा माणूस असं.

"अब्बा, तुम्हाला कुठली चिकटी?"

"मी काय खुर्ची आहे काय गो?" ते हसले.

ऑफिसचे साहेब दोन. पावेलसाहेब झेक, युराजसाहेब स्लोव्हाक. भांडण बिलकुल नाही. दोन देशांची नवी दोस्ती, म्हणून दोघं एकमेकांना नुसते मान देत सुटलेले. गालिचा कापता येईना, तर हा म्हणे तू घे, तो म्हणे तू घे. तीन दिवस तो गुंडाळून दारात पडलेला. मी दोनदा ठेचकाळले, लाथ पण मारली.

दोघांनी अब्बांना वेगवेगळं बोलावून विचारलं, "ताहिर, कुणाकडे येणार?"

अब्बा दोघांना म्हणाले, "सर, मला दोघं सारखे."

मी गाडीत भडकले. "एक नाव घ्यायला काय झालं होतं?"

"गावाला माझे चुलते वेगळे झाले तेव्हा आमच्या गड्याने एकाचं नाव घेतलं. दुसऱ्याने मरेपर्यंत त्याला दारात उभं केलं नाही. वाटणीत आपण तोंड उघडायचं नसतं, तस्नीम. ठरवतील ते."

एकतीसला दुपारी सह्या होत्या. टेबलावर दोन याद्या. चहा ठेवताना मी वाकून वाचलं. पावेलच्या यादीत शेवटी लिहिलेलं : ड्रायव्हर, स्लोव्हाक बाजूला. युराजच्या यादीत : ड्रायव्हर, झेक बाजूला.

मी तोंड उघडलं तर अब्बांनी असे डोळे वटारले की मी ते मिटलं. सह्या झाल्या. हात मिळवले. फोटो निघाला. शिक्का बसला.

मग मला राहवलं नाही. "आणि माझे अब्बा कुणाकडे गेले?" मी इंग्लिशमध्ये ओरडले. "गालिच्यासारखे दारात पडून राहणार?"

दोघांनी याद्या अदलाबदल करून वाचल्या. पावेलसाहेब लाल झाले. "युराज, इतका चांगला माणूस मी तुला दिला होता!"

"मी तुला दिला होता," युराजसाहेब म्हणाले.

"मग आता घ्या ना कुणीतरी!"

युराजसाहेब खाली बसले. याद्या आता दोन सरकारांच्या झाल्या होत्या. एक नाव हलवायचं तर एका देशाने दुसऱ्याला लिहायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तिकडे तर अजून एकमेकांच्या वकिलातीत टेबलं लागत होती.

"मे महिन्यापर्यंत होईल," ते म्हणाले. "कदाचित."

"आमच्याकडे एक महिना आहे."

अब्बा पुढे आले. मला वाटलं, आता तरी बोलतील. ते म्हणाले, "सॉरी सर. पोरगी तापट आहे." आणि गार झालेला चहा उचलून नेला.

महिनाभर अब्बा दोन्ही ऑफिसात चहा करत राहिले. दोघांनी दोन पत्रं लिहिली. दोन्हीत अब्बांची लय तारीफ. इमिग्रेशनच्या खिडकीतला माणूस म्हणाला, तारीफ ठीक आहे, स्पॉन्सर कोण? खलास.

निघायच्या दिवशी दोघांनी मिळून अब्बांना गालिचा भेट दिला. अब्बांनी तो खांद्यावर घेतला, गाडीची चावी पुसून टेबलावर ठेवली. तिला लाल चिकटी होती.

एअरपोर्टवर काट्यावर गालिचा जड भरला. अम्मी म्हणाली, बाणकोटच्या घरात आपल्यालाच झोपायला जागा नाही, हा कुठे पसरणार? अब्बांनी तो उतरवून भिंतीला उभा केला, गुंडाळी सारखी केली, आणि रांगेत परत आले.

मी त्याच्यावर कुठेतरी चिकटी आहे का बघितलं. नव्हती.