मनगटाचा पट्टा

परचुरे साहेबाला पहिली लाथ माझ्या दिराने, कमळ्याने, घातली. दुसरी कोणाची ते कळलं नाही, कारण तोवर अर्धा कारखाना त्याच्या अंगावर पडला होता. साहेब चिप बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. “चिपमध्ये दोष नव्हता,” एवढंच तो बोलला होता.

“तुज्या चिपनं माज्या दादाचा हात खाल्ला,” असं म्हणत कमळ्या मारत सुटला होता. साहेबाचा चष्मा त्याच्याच गालात घुसला. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

खालापूरच्या रस्त्यावरचा आमचा कारखाना प्रेस मशिनला लावायच्या पेट्या बनवायचा. पेटीचं काम सोपं. कामगाराने दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ द्यायची नाही. हात बटणांवर, म्हणजे प्रेसखाली नाहीत. पेटीतल्या चिपा परचुरेची कंपनी पाठवायची. काळं अंग आणि दोन्हीकडे पाय, म्हणून आम्ही बायका त्यांना किडे म्हणायचो. टेबलाशी बसून आम्ही ते किडे पेटीत बसवायचो.

माझा नवरा बुधाजी शेजारच्या शेडमध्ये प्रेसवर होता, त्या प्रेसलाही आमचीच पेटी. त्या सकाळी त्याने बटणं सोडली, तयार पत्रा काढायला उजवा हात आत घातला आणि प्रेस आपोआप खाली आली. मनगटापुढे काही राहिलं नाही. मी धावत गेले तर तो ओरडतही नव्हता, नुसता प्रेसकडे बघत होता. टेंपोतून कर्जतला नेईपर्यंत माझी साडी रक्ताने अंगाला चिकटली. डॉक्टरांनी जीव वाचवला, हात वाचण्यासारखा नव्हताच.

शेठने कंपनीला कळवलं, कंपनीने परचुरेला पाठवलं. तो आमच्याकडे पहिल्यांदा येत नव्हता. दिवाळीच्या आधी तो मनगटाला बांधायचे पट्टे घेऊन आला होता. पट्ट्याला तार, तार टेबलाला, तिथून जमिनीत. कशासाठी ते आम्हाला सांगितलं नाही. सुपरवायझरला म्हणाला, “यांना बांधल्याशिवाय कामाला बसवू नका.”

जेवणाच्या सुट्टीत बुधाजी आला आणि मला तशी बघून त्याचं डोकं फिरलं.

“माज्या बायकोला खुट्याला बांधतोस? ढोर हाय ती?” त्याने परचुरेच्या कानाखाली जाळ काढला. “आमचे बापजादे लई वाकले. आमी नाय वाकणार.” पक्कड घेऊन त्याने एकूण एक तार कापली. मला त्या दिवशी नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता. शेठने पट्टे कपाटात टाकले आणि दिवाळीला सगळ्या बायकांना नायलॉनच्या साड्या वाटल्या. आम्ही त्याच नेसून कामाला यायला लागलो.

आता परचुरे जमिनीवर पडून रक्त थुंकत होता. “साडी,” तो म्हणाला. “नायलॉनची साडी.”

मी माणसं बाजूला सारून पुढे गेले. “काय म्हणतोस?”

“त्या साडीने अंगात वीज साठते. थंडीत, कोरड्या हवेत जास्त. चिपला हात लावला की ती चिपमध्ये उतरते. चिप मरत नाही, जखमी होते. तपासणीत पास होते आणि पुढे कधीतरी दगा देते. पट्ट्याने ती वीज जमिनीत जाते.”

पौषातल्या सकाळी साडी पायाला चिकटायची, चटचट वाजायची. आम्ही हसायचो. साहेबाने प्रेसवरून काढून उघडून ठेवलेली पेटी मी पाहिली. प्रत्येकीची खूण आत असायची. हिरवा ठिपका माझा.

“हे तवाच का नाय सांगितलंस?”

“तुम्हाला कळलं नसतं.”

मी त्याच्या फुटलेल्या तोंडावर सगळा जोर लावून मारलं. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. तेवढ्यात कमळ्या पहार घेऊन आला, आणि मी परचुरेच्या अंगावर आडवी झाले.

“व्हय बाजूला, वैनी. आज याला सोडत नाय.”

“मग आदी मला मार. पेटी माज्या हातची हाय. आन तारा कुनी कापल्या? तुज्या दादानं.”

कमळ्याचा हात वरच राहिला. मग तो वळला आणि पहार प्रेसवर हाणू लागला. हातांची सालं निघाली तरी थांबेना. प्रेसला ओरखड्यापलीकडे काही झालं नाही.

बुधाजी घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला, दोन दिवस जेवला नाही. पुढे शेठने त्याला गेटवर बसवलं, आणि पट्टे कपाटातून बाहेर निघाले.

रोज सकाळी तो माझ्या टेबलाशी येतो. डाव्या हाताने पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळतो, टोक दातात धरतो आणि आवळतो. माझी बोटं काळीनिळी पडतात. डोळ्यांत पाणी येतं, ते त्याला दिसतं. पण सैल कर, असं मी एकदाही म्हणाले नाही.

“ढिला नको,” एवढंच बोलून तो गेटवर जातो.