म्हैस कुणाच्या मागे धावली

माझ्या नावावर एकच पुस्तक आहे. शेहेचाळीस वर्षांपूर्वी बावड्यातून एक म्हैस चोरीला गेली, त्या खटल्याची ती खरी हकीकत. त्यावर पिक्चर निघाला आणि तो जुना झाल्यावर लोक त्याला अभिजात म्हणू लागले. पुस्तक मात्र फारसं कुणी वाचलं नाही. ते बरंच झालं, असं मला अधूनमधून वाटतं.

गेल्या रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये तो पिक्चर पुन्हा दाखवला. फिल्म क्लब चालवणारी प्रियदर्शनी मला म्हणाली, “सर, शेवटी दोन शब्द बोलायचे. अक्षर न् अक्षर खरं असलेलं पुस्तक तुम्ही कसं लिहिलं, एवढंच सांगा.” मी नाही म्हणणार होतो, पण ते मला वेळेवर जमत नाही.

मध्यंतरात चहा घेत होतो, तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी समोर आली.

“मास्तर, वळाकलं का?”

मी मास्तर कधीच नव्हतो, ग्रंथपाल होतो. तरी मान हलवली.

“मी धोंडुबाई. उचगावच्या आकारामची बायकू. तुमच्या पिक्चरमधी दारात बसून रडती ती!”

आकाराम म्हणजे माझ्या पुस्तकातला चोर. बावड्याच्या आण्णा पाटलांची म्हैस त्याच्या गोठ्यात सापडली, आणि तो म्हणे ती माझीच. शेवटी फौजदारांनी न्याय म्हशीवर सोपवला. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, आणि मालकाने हाळी दिली की म्हैस त्याच्यामागे धावते. तशी दोघांनी एकदम हाळी द्यायची. म्हैस पाटलांकडे धावली, आकारामने जागेवर गुन्हा कबूल केला आणि तीन महिने आत गेला. हाच पिक्चरचा शेवट, आणि माझ्या पुस्तकाचाही.

“आकाराम कसे आहेत?” मी विचारलं.

“भादव्यात गेलं. मरंस्तवर गाव म्हैसचोर म्हणत हुतं. अन् त्यो माणूस म्हशीजवळ जायाचा न्हाय हो! लाथंला भ्यायचा.”

“मग म्हैस?”

“मी आणली की. पाच वर्सं पाटलाच्यात धार काढली तिची. आण्णा तिला बाजारात घालतोय म्हटल्यावर भर दुपारी फुडं चालाय लागलो, ती आली मागनं. दावं सुदिक न्हवतं.”

“पण पाडव्याला ती पाटलांकडं धावली. मी स्वतः पाहिलं.”

“कुठनं बघितलंसा?”

खरं सांगायचं तर दुकानाच्या पायरीवरून, गर्दीच्या मागून. मला फक्त शिंगं दिसली होती.

“आण्णाच्या मागं मी हुभी हुतो,” ती म्हणाली. “ती माझ्याकडं आली. ह्यांच्या मागं ऊन लई हुतं, सावली आण्णाच्या अंगाला हुती, म्हणून तिकडं थांबलो. माझंच डोकं चाललं न्हाय बगा! ती कुणाकडं आली ते ह्यांनी वळाकलं. जवळ येऊन हळूच, तू आत गेलीस तर पोरं कोण बघणार म्हणालं, अन् गुन्हा आपल्या अंगावर घेतला. वर शपथ घातली. आता शपथ घालणारा ऱ्हायला न्हाय. त्यांचं नाव काढा अन् माझं लावा.”

“पोलीस...”

“ऐंशीच्या म्हातारीला कोण धरतंय? सांगणार न्हवं?”

घंटा झाली. मी आत गेलो.

उरलेला पिक्चर मला धड दिसला नाही. त्या काळात मी फौजदारांना भेटलो, वकिलांना भेटलो, तुरुंगात आकारामला दोनदा भेटलो. उचगावला त्याच्या घरी चार वेळा गेलो. चारही वेळा धोंडुबाईंनी चहा दिला आणि मी तो पिऊन शेजाऱ्यांना प्रश्न विचारायला गेलो. पडद्यावर म्हैस पाटलांकडे धावली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

दिवे लागले. प्रियदर्शनीने माइक हातात दिला. पुस्तक चांगलं नाही अशी शंका मला नेहमीच होती, पण निदान खरं आहे असं वाटायचं. तेवढंही हातचं जाणार होतं. दुसऱ्या रांगेत धोंडुबाई काठीवर हनुवटी ठेवून बघत होत्या.

“माझं पुस्तक चुकलेलं आहे,” मी म्हणालो. “आकाराम चोर नव्हते. म्हैस ज्यांनी नेली त्या इथं बसल्यात.”

मागून कुणीतरी ओरडलं, “कोण त्या? हुभं ऱ्हावा की!”

धोंडुबाई उठल्या. आधी एक टाळी वाजली, मग हॉलभर. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो.

“धोंडुबाई,” मी माइकवरच विचारलं, “बावड्याहून उचगावपर्यंत, भरल्या गावातून, तुम्हाला कुणी अडवलं कसं नाही?”

त्यांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला.

“हे तवाच इचारायचं हुतं. बसा मास्तर, जरा येळ लागंल.”