शांत झालेली मांजरं

मित्रांनो, माझ्या अंगावरचा रंगीत कागद सोलून गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तो असता तर तुम्ही मला लगेच ओळखलं असतं. मी घट्ट गोड दुधाचा एक जुना डबा आहे. दूध संपलं की इतर देशांत आमची रवानगी उकिरड्यावर होते म्हणे. आमच्या ब्रह्मदेशात तसं नाही. इथे घरोघरी तांदूळ आमच्याच मापाने मोजतात. त्यामुळे कुणाचं पोट कशाने भरतं हे मला पुरतं कळतं, अशी माझी समजूत होती. ती किती खोटी होती तेच आज सांगायचं आहे.

सगाइंगच्या टेकडीवर साध्वींचा एक लहानसा मठ आहे. तिथल्या सयाले केतुमालांनी मला हाती धरलं. साध्वीला आमच्याकडे सयाले म्हणतात. माझी कड धारदार होती. कुणाचं बोट कापू नये म्हणून त्यांनी ती दगडाने ठोकून गुळगुळीत केली. एवढ्या मायेच्या बाईने पुढे जे केलं, ते सांगताना मला अजूनही अवघड जातं.

नको झालेली मांजरं लोक मठाच्या दारात आणून सोडत आणि सयाले त्या सगळ्यांना पोसत. खालच्या बाजारात मासळी विकणारी मा सांदा रोज उरलीसुरली मासळी घेऊन पायऱ्या चढायची. कुणाला काय घालायचं हे तिनेच सयालेंना शिकवलं होतं. नुकते दात आलेल्या पिल्लांना उकडलेली मासळी कुस्करून, थोडी थोडी, दिवसातून चार वेळा. व्यालेल्या मांजरीला दुप्पट, कारण ती खाते ते पिल्लांच्या पोटात जातं. म्हाताऱ्याला काटे काढून, मऊ, कोमट, आणि खारवलेलं अजिबात नाही.

"भात नुसता भरतीला हो, सयाले. मांजर जगतं ते मासळीवर," ती बजावायची. भात माझ्या मापाचा, त्यामुळे हे बोलणं मला जरा लागायचं.

मग मठातल्या थोरल्या सयाले वारल्या. त्यांच्या नावाने पुण्य जोडावं म्हणून केतुमालांनी वर्षावासाचे, म्हणजे पावसाळी व्रताचे, तीन महिने मासळी सोडली. इथवर ठीक होतं. पण पुण्य एकटीनेच का घ्यायचं, मांजरांनाही मिळू दे, असं त्यांच्या मनात आलं. मा सांदा टोपली घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवलं.

"आता नको आणूस गं. मागच्या जन्मी काहीतरी चुकलं म्हणून मांजर झालीत बिचारी. या जन्मी तरी सुटू देत."

"उपास तुमचा, आणि जीव त्यांचा का घेताय?" मा सांदा म्हणाली. "आणि मग माझं काय? मी तर रोज मासळी विकते. पुढच्या जन्मी मीच तुमच्या दारात म्याव म्याव करत येणार. तेव्हा भोपळा वाढू नका म्हणजे झालं."

सयाले खळखळून हसल्या. त्यांना ती थट्टाच वाटली. आणि त्या दिवसापासून माझ्या मापाच्या भातात उकडलेला भोपळा आणि वाटाणे पडू लागले.

पहिले आठ दिवस मांजरांनी मठ डोक्यावर घेतला. मग ती पाली नि चिमण्या धरू लागली, तर जीवहत्येचं पाप लागू नये म्हणून सयालेंनी त्यांना मागच्या खोलीत कोंडलं. हळूहळू ओरडणं थांबलं. पाल नाकासमोरून गेली तरी मान वळेना. वर्षावास संपला, पण हे पाहून सयालेंनी मांजरांचं व्रत सोडलंच नाही.

"बघा, किती शांत झालीत," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मंडालेहून बायका मुद्दाम ही मांजरं पाहायला येऊ लागल्या. सगळ्यांत जास्त मान आबोला होता. आबो म्हणजे आजोबा. हा म्हातारा बोका मोठे डोळे सताड उघडे ठेवून तासन् तास एका जागी बसून राही. तो ध्यान करतो, असं लोक म्हणत आणि त्याच्यापुढे हात जोडत. मलाही तेव्हा फार अभिमान वाटायचा. याची मला लाज वाटते, मित्रांनो.

दुसऱ्या वर्षी श्वेवा नावाची पिवळी मांजरी व्याली. तीन पिल्लं झाली. सहाव्या दिवशी तिचं दूध आटलं. पिल्लं नुसतीच चोखत राहिली. घाबरलेल्या सयालेंनी नवा डबा फोडला, घट्ट गोड दूध माझ्यात ओतून पाणी घातलं आणि कापसाच्या वातीने पिल्लांना पाजलं. पिल्लं अधाशीपणे प्यायली. मला वाटलं, वाचली. रात्रीतून त्यांची पोटं बिघडली. डब्यातलं हे साखरेचं दूध तान्ह्या पिल्लांना सोसत नाही, हे सयालेंना ठाऊक नव्हतं. माझ्या तर पोटात तेच होतं, पण मलाही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांत दोन पिल्लं गेली.

ही बातमी बाजारात पोचली तशी मा सांदा धापा टाकत वर आली. तिने उरलेलं पिल्लू उचलून छातीशी धरलं. मग तिची नजर आबोकडे गेली. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पुन्हा हलवला.

"सयाले, हा ध्यान नाही करत. याला दिसत नाही."

"काहीतरीच बोलू नकोस."

"तुम्ही हलवून बघा ना हात."

सयालेंनी हात हलवला. आबो तसाच समोर बघत राहिला.

"कधीपासून गं?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हाला माहीत असायला हवं. मासळी तुटली की मांजराचे डोळे हळूहळू जातात. मला तर तुम्ही दारातून परत पाठवलं होतंत."

त्या दिवशी सयालेंनी स्वतःच्या हातांनी मासळी उकडली. श्वेवाने ती गपागपा खाल्ली, ओकली आणि पुन्हा खाल्ली. तिचं दूध काही परत आलं नाही. तिसरं पिल्लू सयालेंच्या गुलाबी वस्त्राच्या घडीत दुसऱ्या सकाळी गेलं. आबो आता रोज काटे काढलेली मासळी खातो, पण त्याची दृष्टी गेली ती गेलीच. भिंतीला मिशा घासत तो ताटलीपर्यंत येतो.

मित्रांनो, मला हे आधी कळलं असतं आणि बोलता येत असतं, तर मी तेव्हाच ओरडलो असतो. तुम्हाला तर बोलता येतं. तुमच्या घरी मांजर असेल तर ते तान्हं आहे, वाढीचं आहे, व्यालेलं आहे की म्हातारं, ते आधी पाहा आणि त्याला मानवेल तेच घाला. तुमचं व्रत तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही, कारण परवाचंच सांगतो.

परवा मंडालेहून, आमच्याकडे बायकाही नेसतात तशी रेशमी लुंगी नेसलेली एक बाई मैत्रिणीला घेऊन आली. आबोला हात जोडून म्हणाली, "सयाले, आमची मांजरी फार दंगा करते हो. तुम्ही यांना इतकं शांत कसं केलंत?"

"ती शांत नव्हती गं, उपाशी होती," सयाले म्हणाल्या. "याला मी आंधळा केला. तीन पिल्लं मारली. तू आपली मासळीच घाल तिला."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाकून नमस्कार केला. "बघितलंस?" ती मैत्रिणीला हळूच म्हणाली. "एवढं साधलं, पण स्वतःकडे कसलंच श्रेय घेत नाहीत. आपल्याकडेही उद्यापासून भोपळा."

सयाले पायऱ्यांपर्यंत धावल्या, हाका मारल्या. निम्म्या पायऱ्या उतरलेल्या त्या दोघींनी मागे वळून पुन्हा एकदा मनोभावे हात जोडले.