लंगडा आवाज

सकाळपासून मी सातव्यांदा फाटकापर्यंत जाऊन आलो, तेव्हा दादा खिडकीजवळच्या खुर्चीतून ओरडला, "अरे शुद्धलेखन, एका जागी बस की! फरशी झिजवशील."

शुद्धलेखन म्हणजे मी. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, त्याचं हे बक्षीस. दादा माझा थोरला भाऊ. त्याचे गुडघे कामातून गेले होते आणि उद्या तो मुलाकडे कायमचा राहायला जाणार होता. तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. आज संध्याकाळपर्यंत त्याच्या जुन्या क्रूझर मोटरसायकलला कोणी जाणता माणूस मिळाला नाही, तर उद्या सुट्या भागांचा दुकानदार येऊन ती खोलून नेणार होता.

जाहिरात मी लिहिली होती. तीन आठवड्यांत त्या दुकानदाराशिवाय कोणाचाही फोन आला नव्हता. आज सकाळी मात्र एका बाईचा आला. "आवाज एकसारखा, असं छापलंय. खरंच?" मी चाचरत म्हणालो, "या, ऐका." मग खणातून दादाने सांगितलेला मजकूर काढला. 'इंजिन उत्तम, आवाज लंगडा.' त्यातलं 'लंगडा' माझ्याच लाल शाईने खोडलेलं होतं. विकायच्या वस्तूला लंगडी कोण म्हणतं? मी दादाला विचारलंसुद्धा नव्हतं.

सांगायला म्हणून आत गेलो आणि पाणी हवं का विचारून परत आलो. पुन्हा गेलो, पंखा कमी केला. तिसऱ्यांदा एकदाचं सांगून टाकलं.

"एकसारखा?" दादा माझ्याकडे बघतच राहिला. "माझ्या गाडीचा?"

"मला वाटलं, चूक आहे."

"अरे बाबा, दोन तिरके सिलिंडर, आणि दोघांचे दांडे क्रँकच्या एकाच पिनवर. ठोके सारख्या अंतराने पडणारच नाहीत. धड-धड, मग जरा थांबायचं, पुन्हा धड-धड. जाणकार त्याच्यासाठीच येतो. तुझं वाचून त्याला वाटलं असेल, आतलं इंजिनच कोणीतरी बदललंय."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त खिडकीबाहेर गाडीकडे बघत बसला. मी आठव्यांदा फाटकाशी गेलो.

चार वाजता ती आली. कारखान्यात लेथ चालवणारी, चाळिशीची, नखांत काळं तेल. तिने इंजिन सुरू केलं आणि खाली वाकून डोळे मिटले.

"ही तर लंगडतेय," ती म्हणाली.

"चूक माझी आहे," मी घाईघाईने म्हणालो. "गाडीची नाही. मी तो शब्द सुधारला."

ती खो खो हसली. "मी भांडायला आले होते हो! म्हटलं, असलं इंजिन सरळ करून ठेवणारा शहाणा कोण, ते बघून तरी यावं."

"बघितलास ना?" दादा खिडकीतून म्हणाला. "पण पोरी, नवी गाडी का घेत नाहीस? पाण्याने थंड होते, तक्रार नाही काही."

"नवी बिघडली की कॉम्प्युटर शोधत फिरा. हिचे टॅपेट वाजायला लागले, तर मी रस्त्याच्या कडेला बसून पान्याने नीट लावीन, काका. आणि ही घाई करत नाही. मंद चालवली तरी ओढते."

"हिच्यावर उजवी मांडी भाजते."

"थंडीत बरं."

दादा पहिल्यांदाच हसला. "शुद्धलेखन, त्या दुकानदाराला फोन कर. येऊ नकोस म्हणावं."

मी लगेच फोन लावला. तेवढ्यात ती म्हणाली, "एक फेरी मारून येते. घरचं कोणीतरी मागे बसा, मी काही ओळखीची नाही."

दादाने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीस वर्षं दर रविवारी तो मला चल म्हणत होता, आणि दर रविवारी मला काहीतरी तपासायचं असायचं.

"बस रे. आज काय तपासायचंय?"

मी बसलो. धड-धड थेट माझ्या कवळीपर्यंत पोचली. कोपऱ्यावर मागे वळून पाहिलं, तर दादा खिडकीत कानामागे हात धरून ऐकत होता.

"काका, डावीकडे की उजवीकडे?" तिने विचारलं.

डावीकडून घर लगेच आलं असतं.

"उजवीकडे," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, चुकलंच. पण तोवर गाडी वळली होती.